चर्चेच्या मंचावर खुर्ची कोणाला?

निवडणुकीच्या टीव्ही चर्चेतलं खरं भांडण कॅमेरे सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलेलं असतं. खुर्च्या किती, आणि त्यांवर बसणार कोण? बाकी सामान जमवणं आता कठीण नाही. तीन कॅमेरे, एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायला एक स्विचर, एक चांगला ऑडिओ मिक्सर आणि भरवशाचं इंटरनेट असलं की ठाण्यातली एखादी केबल वाहिनी किंवा वाशीतलं यूट्यूब चॅनेलसुद्धा नीटस चर्चा दाखवू शकतं. कार्यक्रम बिघडतो तो निमंत्रणाच्या यादीवरून. ज्याला बोलावलं नाही तो आयोजकांवर पक्षपाताचा आरोप करतो. ज्याला बोलावलं तो समोर कोण आहे ते बघून यायचं की नाही ते ठरवतो. मग आयोजक शेवटच्या दोन दिवसांत नियम बदलत बसतात, आणि एकदा नियम बदलला की त्या कार्यक्रमावर कोणाचाच विश्वास उरत नाही.

माझं म्हणणं असं आहे. खुर्चीचा नियम उमेदवारी अर्ज भरायला सुरुवात होण्याआधी लिहून जाहीर करावा. आणि महापालिकेच्या चर्चेत खुर्ची त्या माणसाला द्यावी, ज्याची सही पक्षाच्या जाहीरनाम्याखाली आहे. त्याच्याऐवजी प्रवक्ता चालणार नाही, आणि मुंबईहून आलेला मोठा नेताही नाही.

आधी वेळेचा हिशेब करू, कारण संख्येवर मर्यादा घालायची ती त्याच्या आधारावर. कार्यक्रम ९० मिनिटांचा धरा. जाहिरातींना १२ मिनिटं, स्वागत, नियम आणि प्रश्नवाचनाला ८. उरली ७०. एका विषयावर प्रत्येकाला ६० सेकंदांचं उत्तर आणि ३० सेकंदांचं प्रत्युत्तर दिलं, तर पाच जणांना एका विषयाला साडेसात मिनिटं लागतात. म्हणजे नऊ विषय होतात. सात जण असले तर साडेदहा मिनिटं, विषय सहा. दहा जण असले तर पंधरा मिनिटं आणि जेमतेम चार विषय. पाणी, कचरा, मालमत्ता कर आणि रस्ते एवढ्यावरच दिवे बंद करावे लागतात. ब्रिटनमध्ये २ एप्रिल २०१५ ला आयटीव्हीवर सात पक्षांचे नेते एकत्र उभे होते. दोन तासांत चारच मुख्य प्रश्न होऊ शकले. म्हणून सात ही वरची मर्यादा, आणि पाच असले तर उत्तम. प्रत्येकाचं एक मिनिटाचं प्रास्ताविक तर वगळाच. सात जणांची सात मिनिटं जातात आणि त्यात नमस्कार, शुभेच्छा आणि पक्षाचं चिन्ह यांपलीकडे काही निघत नाही.

आता सात कोण, हे ठरवायचं कसं? जगात तीन रीती रूढ आहेत, आणि तिन्ही आपल्याकडे तपासून घ्यायला हव्यात.

अमेरिकेत अध्यक्षीय चर्चांच्या आयोगाने २००० पासून १५ टक्क्यांची अट लावली होती. पाच राष्ट्रीय जनमत चाचण्यांची सरासरी १५ टक्के असेल तरच मंचावर जागा. या अटीचा दोष १९९२ च्या उदाहरणात दिसतो. रॉस पेरो हे अपक्ष उमेदवार चर्चांआधी चाचण्यांत एक आकडी टक्क्यांवर होते. तेव्हा ही अट नव्हती, म्हणून ते मंचावर आले आणि शेवटी त्यांना सुमारे १९ टक्के मतं मिळाली. अट असती तर त्यांना दारातूनच परत जावं लागलं असतं. ठाणे-नवी मुंबईत तर ही रीत मुळातच बसत नाही. एका शहरापुरत्या, विश्वासार्ह, एकाच पद्धतीच्या पाच चाचण्या आणणार कुठून? समजा कोणी ४०० जणांची चाचणी केली आणि एका पक्षाला १५ टक्के दिसले, तर नमुन्यामुळे येणारी चूकच दोन्ही बाजूंना साडेतीन टक्क्यांची असते. १२ टक्केवाला आणि १८ टक्केवाला यांच्यात त्या कागदावर फरक करता येत नाही. असल्या आकड्यावर कोणाची खुर्ची काढून घेणं अन्यायाचं आहे. पैसे देऊन चाचणी करवून घेण्याची वाटही त्यातून उघडते.

दुसरी रीत मागच्या निकालाची. ऐकायला ही सर्वांत रास्त वाटते, आणि आपल्या दोन्ही शहरांत नेमकी हीच फसते. ठाणे महापालिकेत २०१७ ला शिवसेना ६७, राष्ट्रवादी ३४, भाजप २३, काँग्रेस ३, एमआयएम २ आणि अपक्ष २ असा निकाल होता. यातले ६७ आज कोणाच्या खात्यावर मांडायचे? २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. नाव आणि चिन्ह एकाकडे गेलं, माणसं दोन्हीकडे वाटली गेली. नवी मुंबईत २०१५ ला राष्ट्रवादीचे ५२ नगरसेवक होते. २०१९ मध्ये त्यांतले बहुतेक जण गणेश नाईकांबरोबर भाजपमध्ये गेले. तिथल्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर जानेवारी २०२६ पर्यंत दोन्हीकडे प्रशासक होते. म्हणजे ‘विद्यमान नगरसेवक किती’ असं विचारायलाही जागा नव्हती.

मग कोणी सुचवेल की २०२४ ची विधानसभा धरा, ती फुटीनंतरची आहे. पण नवी मुंबईतल्या ऐरोली आणि बेलापूर या दोन्ही जागा महायुतीत भाजपकडे होत्या. एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेचा अधिकृत उमेदवार तिथे नव्हता, म्हणून तिच्या नावावर मतं शून्य. त्या कसोटीने शिवसेनेला नवी मुंबईच्या मंचावर खुर्ची मिळाली नसती. प्रत्यक्षात २०२६ च्या महापालिका निकालात तोच पक्ष नवी मुंबईत दुसऱ्या क्रमांकावर आला. ठाण्यात एकत्र लढलेले भाजप आणि शिवसेना तिथे एकमेकांविरुद्ध लढले. वरच्या निवडणुकीची युती खालच्या निवडणुकीत असतेच असं नाही, हे विसरलं की नियम फसतो.

तिसरी रीत मान्यतेची. दूरदर्शन आणि आकाशवाणीवर पक्षांना वेळ देण्याची निवडणूक आयोगाची योजना १९९८ पासून याच पायावर उभी आहे. विधानसभेला राष्ट्रीय पक्षांना आणि त्या राज्यातल्या मान्यताप्राप्त पक्षांना प्रत्येकी ४५ मिनिटांचा पायाभूत वेळ, वर मागच्या मतांनुसार जादा, आणि एका वेळी सलग १५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. त्याच योजनेत प्रसार भारतीने घ्यायच्या जास्तीत जास्त दोन चर्चांचीही तरतूद आहे, जिथे प्रत्येक पात्र पक्ष एक प्रतिनिधी पाठवतो. राज्याच्या पातळीवर हे ठीक चालतं. शहराच्या पातळीवर नाही. मान्यतेने गेलात तर नॅशनल पीपल्स पार्टी हा राष्ट्रीय पक्ष असल्यामुळे त्याला ठाण्यात खुर्ची मिळेल, आणि मुंब्र्यात नगरसेवक निवडून आणणाऱ्या एमआयएमला मिळणार नाही, कारण त्या पक्षाची मान्यता तेलंगणातली आहे. मुंब्र्यातल्या प्रेक्षकाला हा नियम पटवून देता येणार नाही, आणि पटवायचा प्रयत्नही करू नये.

म्हणून मला कॅनडाचा सांगाडा जवळचा वाटतो. तिथल्या नेत्यांच्या चर्चांच्या आयोगाने २०२५ ला तीन अटी ठेवल्या होत्या आणि त्यांतल्या दोन पुऱ्या करायच्या होत्या: संसदेत किमान एक सदस्य, चाचण्यांत किमान ४ टक्के, आणि किमान ९० टक्के मतदारसंघांत उमेदवार. म्हणजे एकच दार नाही. पण तिथेही एक धडा आहे. ग्रीन पक्षाने ३४३ जागांची यादी दिली होती, प्रत्यक्षात उभे राहिले २३२ उमेदवार. आयोगाने १६ एप्रिल २०२५ ला, फ्रेंच चर्चेच्या त्याच दिवशी, निमंत्रण मागे घेतलं. निर्णय नियमाला धरून होता, पण मोजणीचा क्षण आधीचा आणि यादी पक्षाने दिलेली, म्हणून सगळा गोंधळ आयत्या वेळी झाला. आपल्याकडे मोजणी अर्ज माघारीनंतरच करावी, आणि पक्षाच्या पत्रावरून न करता निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या अंतिम यादीवरून करावी. आपल्याकडे तर माघारीच्या दिवशी दुपारपर्यंत निम्मं चित्र पालटतं.

महापालिकेसाठी मी दोन दारं ठेवेन, आणि त्यांतलं कोणतंही एक पुरे. पहिलं दार: एकूण जागांच्या किमान पाव जागांवर अंतिम यादीत उमेदवार. ठाण्यात १३१ चा पाव म्हणजे ३३, नवी मुंबईत १११ चा २८. पाव का? ठाण्यात बहुमत ६६ चं आणि नवी मुंबईत ५६ चं. ज्याचे पाव जागांवरही उमेदवार नाहीत, त्याला ‘शहर कसं चालवणार’ हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. निम्म्या जागांची अट घातली तर युतीत कमी जागा घेतलेला पक्ष बाहेर पडतो, म्हणून निम्मी नको. दुसरं दार: मागच्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याच चिन्हावर निवडून आलेले किमान दोन नगरसेवक. एकाच भागात ताकद असलेल्या पक्षांसाठी हे दार आहे. फुटीचा प्रश्न इथे आडवा येत नाही, कारण फुटीतून आलेला आणि खरोखर लढणारा पक्ष पहिल्या दारातून येतोच.

एवढं करून सातपेक्षा जास्त झाले तर? त्यासाठीचा नियमही आधीच लिहायचा: अंतिम यादीत ज्याचे उमेदवार जास्त तो आधी. संख्या सारखी असेल तर चिठ्ठी. उरलेल्यांना, आणि स्थानिक आघाड्यांना, त्याच सेटवर प्रत्येकी दोन मिनिटांचं निवेदन ध्वनिचित्रमुद्रित करून द्यायचं, आणि ते मुख्य चर्चेच्या लगेच पुढे दाखवायचं. रात्री साडेअकराला नाही.

युतीबाबत नियम सरळ ठेवावा: जाहीरनामा एक तर खुर्ची एक. दोन पक्षांनी एकत्र जाहीरनामा काढला तर त्यांतला कोण येणार ते त्यांनी ठरवावं. वेगवेगळे जाहीरनामे काढले तर खुर्च्या दोन, पण मग दोघांना एकमेकांच्या जाहीरनाम्यातल्या फरकावर प्रश्न विचारला जाईल, हे निमंत्रणपत्रात लिहून द्यावं. ही अट नसली तर मित्रपक्ष दोन खुर्च्या घेऊन एकच भाषण दोनदा करतात.

आता माणूस कोण, हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग.

महापालिकेत महापौरपदाचा उमेदवार नसतोच. २०२६ ला मतदान १५ जानेवारीला, मतमोजणी १६ ला झाली, आणि महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली २२ जानेवारीला. म्हणजे मतदानाच्या दिवशी कोणत्याही पक्षाला ‘आमचा महापौर हा’ असं सांगताच येत नव्हतं. वर बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचा प्रभाग. मतदार चार बटणं दाबतो, त्यामुळे एकट्या उमेदवाराला शहराचं उत्तर मागता येत नाही. ही पोकळी राज्य पातळीवरचा नेता नाहीतर प्रवक्ता भरून काढतो. दोघंही चुकीचे.

प्रवक्ता चुकीचा, कारण त्याने दिलेलं उत्तर नंतर कोणाला बांधील नसतं. रोज रात्रीच्या चर्चांना तो योग्य आहे, निवडणुकीच्या चर्चेला नाही. मोठा नेता चुकीचा, हे पटायला जरा वेळ लागतो, विशेषतः ठाण्यात. उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे ठाण्याचे, नगरविकास खातं त्यांच्याकडे. ते मंचावर आले तर प्रेक्षक नक्कीच वाढतील. पण आचारसंहितेच्या काळात मंत्र्याला अनुदानाच्या घोषणा करता येत नाहीत, नव्या रस्त्याची आश्वासनं देता येत नाहीत. म्हणजे ज्या गोष्टीसाठी प्रेक्षक त्यांचं ऐकायला बसतील, तीच त्यांना बोलता येणार नाही. शिवाय ते महापालिकेच्या सभागृहात बसणार नाहीत. ही गोष्ट प्रत्येक पक्षाच्या राज्यस्तरीय नेत्याला तशीच लागू आहे. ते आले की चर्चा राज्याच्या राजकारणावर जाते आणि दिवा भागातला कचरा बाजूला पडतो.

म्हणून पक्षाचा शहरप्रमुख, शहराध्यक्ष किंवा जिल्हाध्यक्ष, ज्याने जाहीरनाम्यावर सही केली आहे, तोच. पक्षाकडून एक पत्र घ्यायचं: अमुक व्यक्ती या निवडणुकीत शहरासाठी पक्षाच्या वतीने बोलेल. नाव एकदा कळवलं की बदली नाही, आजारपण सोडून. नोव्हेंबर २०१९ मध्ये बीबीसीच्या सात पक्षांच्या चर्चेला काही मोठ्या नेत्यांऐवजी दुय्यम नेते आले होते. तिथे तसं चालणार हे आधी ठरलेलं होतं म्हणून वाद झाला नाही. ठरलेलं नसताना बदली माणूस मेकअपच्या खोलीत येऊन बसला की बाकीचे उठून जातात.

विधानसभेला प्रश्न वेगळा आहे. तिथे एक मतदारसंघ, एक जागा, आणि खुर्ची उमेदवाराचीच. पण पक्षाच्या नावावर यादी केली तर अपक्ष बाहेर राहतो. ऐरोलीत २०२४ ला दुसऱ्या क्रमांकाची मतं अपक्षाला पडली होती. बेलापूरला पहिल्या दोघांत फरक होता अवघा ३७७ मतांचा, आणि तिसऱ्या-चौथ्या उमेदवारांची मतं हजारोंत होती. त्या उमेदवारांना मंचाबाहेर ठेवणं म्हणजे निकालावर हात ठेवण्यासारखं आहे. तिथे मी असं करेन: राज्यात मान्यता असलेल्या पक्षांचे उमेदवार, अधिक तो प्रत्येक उमेदवार जो पूर्वी नगरसेवक, आमदार किंवा खासदार होता, किंवा ज्याने मागच्या दोनपैकी एका निवडणुकीत अनामत वाचवली होती, म्हणजे एक षष्ठांशाहून अधिक मतं घेतली होती. बंडखोर सहसा याच दारातून आत येतात.

तारखा फार कमी मिळतात. २०२४ च्या विधानसभेला ४ नोव्हेंबरला दुपारी तीनला माघारीची मुदत संपली आणि १८ नोव्हेंबरला संध्याकाळी सहाला प्रचार थांबला. चौदा दिवस. २०२६ च्या महापालिकेला २ जानेवारीला माघार, ३ ला चिन्हवाटप, १३ ला संध्याकाळी प्रचारबंदी. जेमतेम दहा दिवस. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत टीव्हीवर निवडणूक प्रचाराचा मजकूर दाखवता येत नाही, म्हणून चर्चा प्रचारबंदीच्या किमान तीन दिवस आधी व्हावी. महापालिका निवडणूक राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येते, तेव्हा त्या आयोगाचे आदेश वेगळे वाचावे लागतात, विधानसभेचे चालत नाहीत. नियम अर्ज भरायच्या आधी जाहीर, चिन्हवाटपाच्या संध्याकाळी निमंत्रणं एकाच वेळी ईमेल आणि हातपोच, उत्तरासाठी ७२ तास. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं भावे नाट्यगृह घ्यायचं तर ती महापालिकेची आहेत. तारीख आचारसंहिता लागण्याआधी धरून ठेवा, आणि निवडणूक निर्णय अधिकारी आणि पोलिसांना लेखी कळवून पोच घ्या.

मंचावरची जागा आणि पहिल्या उत्तराचा क्रम चिठ्ठीने ठरवायचा, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर, आदल्या दिवशी. मग प्रत्येक विषयाला सुरुवात एकेका जागेने पुढे सरकवायची. शेवटचं बोलणं पहिल्या उत्तराच्या उलट क्रमाने. ज्याचं पहिलं उत्तर सर्वांत शेवटी आलं त्यालाच पुन्हा शेवट दिला तर बाकीचे आक्षेप घेतात, आणि तो आक्षेप बरोबर असतो.

माइकमध्ये सर्वांत जास्त चुका होतात. कॉलर माइक सगळे एकदम चालू ठेवले तर शेजारच्याचा आवाजही त्यात येतो, सात आवाज एकमेकांत मिसळतात आणि घरी काहीच कळत नाही. ज्याची पाळी त्याचाच फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, वर, बाकी खाली. हे निमंत्रणपत्रात लिहिलेलं असावं, नाहीतर ‘माझा माइक बंद केला’ अशी बातमी होते. अमेरिकेत २०२४ च्या दोन्ही अध्यक्षीय चर्चांत पाळी नसलेल्याचा माइक बंद होता, आणि ते आधी जाहीर केलेलं होतं. मिक्सरवर एक माणूस, घड्याळावर दुसरा. एकाच माणसाने दोन्ही केलं की पंधराव्या मिनिटाला गडबड होतेच. घड्याळ वक्त्याला आणि प्रेक्षकाला, दोघांनाही दिसलं पाहिजे. शेवटच्या दहा सेकंदांना पिवळा दिवा, शून्यावर लाल, आणि तीन सेकंदांनी फेडर खाली. सूत्रसंचालकाने ‘थांबा, थांबा’ म्हणायची वेळ येऊ नये.

प्रश्न निवडताना आधी विचारा, हे महापालिकेचं काम आहे का. घोडबंदरची मेट्रो एमएमआरडीएची आहे, नवी मुंबईतले बरेचसे भूखंड सिडकोचे. त्यावर शहरप्रमुखाला विचारलं तर तो हात वर करतो, आणि वेळ वाया जातो. मोरबे धरणाचं पाणी कोणत्या नोडला, म्हणजे उपनगराला, किती तास, मालमत्ता करातली सूट भरून काढायला पैसा कुठून, गटारांची सफाई कोणत्या महिन्यात संपणार, क्लस्टर पुनर्विकासात भाडेकरूंना तात्पुरतं घर कुठे: यांची उत्तरं टाळता येत नाहीत. प्रश्न आधी कोणालाही दाखवायचे नाहीत, विषय मात्र सगळ्यांना एकाच दिवशी कळवायचे.

सभागृहात कार्यकर्ते भरले की घोषणा सुरू होतात. प्रत्येक पक्षाला सारख्या, समजा दहा, जागा. बाकीच्या जागा प्रभागवार नोंदणीतून चिठ्ठीने. टाळ्या फक्त सुरुवातीला आणि शेवटी.

आणि कोणी आलंच नाही तर? ९ मे २०२४ ला दोन माजी न्यायमूर्ती, मदन लोकूर आणि ए. पी. शहा, आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. राहुल गांधींनी होकार दिला, पण चर्चा झाली नाही. ब्रिटनच्या चॅनेल फोरने २०१९ च्या हवामान चर्चेत न आलेल्या दोन नेत्यांच्या जागी बर्फाचे पुतळे ठेवले. तो प्रकार मला आवडत नाही. रिकामी खुर्ची, पुढे पक्षाच्या नावाची पाटी, आणि सुरुवातीला एकदाच वाचून दाखवलेलं नकाराचं पत्र, जसंच्या तसं. एवढंच पुरे. त्या खुर्चीचा वेळ दुसऱ्यांत वाटायचा नाही. नाहीतर प्रतिस्पर्ध्यांना त्याच्या गैरहजेरीचा फायदा मिळतो आणि पुढच्या वेळी तो आणखी ठामपणे नकार देतो. तो वेळ प्रेक्षकांच्या प्रश्नांना द्यायचा. होकार देणारे तिघांपेक्षा कमी असले तर ती चर्चा नव्हेच. मग प्रत्येकाची वेगळी, सारख्याच २० मिनिटांची मुलाखत घ्यायची, तेच प्रश्न, तोच क्रम. हे कलमही अर्ज भरायच्या आधीच्या त्याच कागदावर, खुर्च्यांच्या नियमाच्या खाली छापलेलं असावं.